कम्युनिटी कॉलेजनंतरचा टप्पा : ट्रान्स्फर विद्यार्थ्यासाठी छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजची निवड

प्रास्ताविक

अमेरिकेत शालेय शिक्षणानंतर पदवीकडे जाण्याचे दोन ठळक मार्ग आहेत. चार वर्षांच्या कॉलेजात थेट प्रवेश घेणे हा पहिला मार्ग. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे कमी खर्चात शिकून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यास तेथे 'ट्रान्स्फर विद्यार्थी' म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या विचारातून ते उभे राहिले. पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण विद्यार्थ्याला गावातच मिळावे आणि पुढचे विद्यापीठात व्हावे, ही त्यामागची कल्पना होती. म्हणजे ट्रान्स्फर ही पळवाट नव्हे. या संस्थांच्या स्थापनेमागील तो एक मूळ हेतू आहे.

हा विषय इकडच्या शिक्षकांना वाटतो तितका दूरचा नाही. हैदराबादेतील अनेक मुस्लिम कुटुंबे शिकागो आणि आसपासच्या परिसरात स्थायिक झाली आहेत. बडोदा, इंदूर, बेळगाव येथूनही नोकरी-व्यवसायानिमित्त माणसे तिकडे गेली आहेत. अशा घरांतील मुलेमुली कधी तेथील कम्युनिटी कॉलेजात नाव घालतात, तर कधी येथील बी.ए. किंवा बी.कॉम.चे पहिले वर्ष अर्धवट सोडून तिकडे जातात. मग शिफारसपत्र, अभ्यासक्रमाची प्रत, 'कोणते कॉलेज चांगले' याचा सल्ला अशा मागण्या इकडच्या गुरुजनांकडे येतात. प्रस्तुत लेखात या निवडीतील व्यावहारिक बाबींची क्रमाने मांडणी केली आहे.

चुकीच्या निवडीची किंमत मोठी असते. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची इच्छा पदवी मिळवण्याची असते. प्रत्यक्षात ढोबळमानाने तिघांपैकी एकच पुढे ट्रान्स्फर होतो आणि सहा वर्षांच्या आत पदवीपर्यंत पोचणारा सहा जणांत एखादाच निघतो. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या अमेरिकी संसदेच्या तपास यंत्रणेने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली, असा त्यातील अंदाज आहे. क्रेडिट वाया जाणे म्हणजे शिकलेले पुन्हा शिकणे आणि भरलेली फी पुन्हा भरणे. हातात पैसा बेताचा असलेल्या घरातील मुलाचे शिक्षण नेमके येथेच तुटते.

लिबरल आर्ट्स म्हणजे काय?

'लिबरल आर्ट्स' या शब्दाचे 'उदार कला' असे भाषांतर केले की अर्थ हरवतो. 'आर्ट्स' म्हणजे केवळ आपल्याकडील कला शाखा, असेही नव्हे. भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान हे सारे विषय त्यात येतात. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क व वक्तृत्व हे तीन आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल हे चार, अशा सात विद्यांना हे नाव होते. या परंपरेचा इस्लामी ज्ञानजगताशी जवळचा संबंध आहे. अल्-फाराबी यांच्या विद्यांचे वर्गीकरण करणाऱ्या 'इह्सा-उल-उलूम' या ग्रंथाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले आणि तो युरोपातील विद्वानांच्या अभ्यासात आला. उर्दूत 'उलूम' या शब्दाने जो व्यापक अर्थ व्यक्त होतो, तो 'लिबरल आर्ट्स'च्या अधिक जवळचा आहे.

आजची अमेरिकी लिबरल आर्ट्स कॉलेजे बहुतेक खाजगी, निवासी आणि लहान आहेत. विद्यार्थिसंख्या साधारण एक ते तीन हजार असते आणि भर पदवीच्या अध्यापनावर असतो. विल्यम्स (१७९३), अॅम्हर्स्ट (१८२१), ओबर्लिन (१८३३), माउंट होल्योक (१८३७), ग्रिनेल (१८४६), स्वार्थमोर (१८६४) ही त्यांतील नामांकित नावे. वर्ग लहान असतात, प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात आणि लेखन व चर्चा यांना महत्त्व असते. कम्युनिटी कॉलेजातील लहान वर्गाची आणि शिक्षकाच्या सहवासाची सवय असलेल्या विद्यार्थ्याला हे वातावरण मोठ्या विद्यापीठापेक्षा अधिक मानवण्याची शक्यता असते.

मात्र 'छोटे' या गुणाची दुसरी बाजूही आहे. एखाद्या विषयाचे तीनच प्राध्यापक असतील आणि त्यांतील एक रजेवर असेल, तर हवा तो पेपर त्या वर्षी मिळत नाही. चार वर्षे हाताशी असलेला विद्यार्थी वाट पाहू शकतो. ट्रान्स्फर विद्यार्थ्याकडे दोनच वर्षे असतात.

नावाआधी आकडे

पालक सहसा क्रमवारीतील वरच्या कॉलेजांची यादी घेऊन येतात. ट्रान्स्फर विद्यार्थ्याच्या बाबतीत ही सुरुवात दिशाभूल करणारी ठरते. ज्या कॉलेजातून फारसे कोणी गळत नाही, तेथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जागाही फारशा रिकाम्या होत नाहीत. त्यामुळे एखादे प्रसिद्ध कॉलेज ट्रान्स्फर विद्यार्थी 'घेते' हे खरे असले, तरी ते वर्षाला मोजकेच असू शकतात.

हे तपासण्याचे साधन उपलब्ध आहे. बरीच कॉलेजे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्याचा 'डी' विभाग संपूर्णपणे ट्रान्स्फरविषयी असतो. किती जणांनी अर्ज केला, किती निवडले गेले, किती प्रत्यक्ष दाखल झाले, किमान किती क्रेडिट्स लागतात, कोणत्या ग्रेडच्या खालचा पेपर धरला जात नाही आणि पदवीसाठी किती क्रेडिट्स त्याच कॉलेजात मिळवावी लागतात, हे सर्व त्यात असते. शिक्षकाने तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एका वर्षी चाळीस आणि दुसऱ्या वर्षी चार घेणाऱ्या कॉलेजचा भरवसा धरता येत नाही.

पदवी पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीबाबतही सावध राहावे लागते. जाहिरातीत दिलेली टक्केवारी बहुधा पहिल्या वर्षापासून पूर्णवेळ शिकणाऱ्यांची असते. बाहेरून आलेले विद्यार्थी त्यात मोजलेले नसतात. केंद्र शासनाच्या आकडेवारीत २०१५-१६ पासून ट्रान्स्फर विद्यार्थ्यांचीही वेगळी नोंद होऊ लागली. 'तुमच्याकडे आलेल्या ट्रान्स्फर विद्यार्थ्यांपैकी किती जण पदवी घेतात, आणि किती वर्षांत?' हा प्रश्न प्रवेश कार्यालयाला थेट विचारावा. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच समजावे.

काही कॉलेजांनी या विद्यार्थ्यांसाठी खास वाट तयार केली आहे. व्हॅसार कॉलेजने १९८५ साली कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी निवासी उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने काही आठवडे तेथे राहून प्रत्यक्ष अभ्यासक्रम करावा आणि आपल्याला हे झेपते का, ते स्वतः पाहावे, ही त्यामागील कल्पना. २००६ साली जॅक केंट कुक फाउंडेशनच्या पुढाकाराने आठ संस्थांचा एक उपक्रम सुरू झाला. त्यांत अॅम्हर्स्ट, माउंट होल्योक आणि बकनेल ही होती. स्मिथ कॉलेजची 'अॅडा कॉमस्टॉक' आणि माउंट होल्योकची 'फ्रान्सिस पर्किन्स' या योजना नेहमीच्या वयापेक्षा मोठ्या स्त्रियांसाठी आहेत. लग्न, मुले, नोकरी यांमुळे शिक्षण थांबलेल्या स्त्रीला वयाच्या तिशीत-चाळिशीत पदवीकडे परतता येते, ही गोष्ट इकडच्या शिक्षिकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण सेंट जॉन्स कॉलेजचे. अॅनापोलिस व सांता फे येथील या कॉलेजात सर्वांनी तेच ग्रंथ त्याच क्रमाने वाचायचे असतात. म्हणून दुसरीकडे दोन वर्षे शिकलेल्यालाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. कॉलेज उत्तम आहे. पण दोन वर्षे वाचवू पाहणाऱ्यासाठी ते नाही.

क्रेडिटचा हिशेब

निवडीतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. कम्युनिटी कॉलेजातील पेपर सामान्यतः तीन क्रेडिटचा असतो. दोन वर्षांत वीस पेपर, म्हणजे साठ क्रेडिट्स होतात. अनेक लिबरल आर्ट्स कॉलेजे मात्र क्रेडिटऐवजी पेपर मोजतात. अॅम्हर्स्ट आणि विल्यम्स येथे पदवीसाठी ३२ पेपर लागतात, म्हणजे दर सत्राला चार. असा एक पेपर साधारणपणे चार क्रेडिटच्या बरोबरीचा धरला जातो.

आता एका काल्पनिक विद्यार्थिनीचा हिशेब मांडू. तिच्याकडे साठ क्रेडिट्स आहेत. नव्या कॉलेजने ती सर्व मान्य केली, तरी चारने भागून पंधरा पेपर होतात. बत्तिसांपैकी सतरा उरतात. चार सत्रांत सोळा होतात आणि एक पेपर राहतो. तो उन्हाळ्यात किंवा एका सत्रात जादा घेऊन भागवता येतो. पण तिने केलेल्या वीस पेपरांपैकी चार जर हिशेबलेखन, कार्यालयीन संगणक अशा व्यावसायिक स्वरूपाचे असतील, तर पुष्कळ लिबरल आर्ट्स कॉलेजे ते धरत नाहीत. मग साठातून बारा वजा जाऊन अठ्ठेचाळीस उरतात, म्हणजे बारा पेपर. उरले वीस. त्यांना पाच सत्रे लागतात. एक सत्र वाढले, म्हणजे अर्ध्या वर्षाची फी, निवास आणि भोजनखर्च वाढला. शिष्यवृत्ती जर चारच सत्रांची असेल, तर पाचव्या सत्राच्या दारात ती मुलगी अडकते.

यासंबंधी चार नियम ध्यानात ठेवावेत. पहिला, क्रेडिट जाते, ग्रेड जात नाही. नव्या कॉलेजात सरासरीची पाटी पुन्हा कोरी होते. दुसरा, साधारणतः 'सी'च्या खालचा पेपर धरत नाहीत. तिसरा, पदवीच्या निम्म्याच्या आसपास काम त्याच कॉलेजात करावे लागते. म्हणून कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांपेक्षा जास्त रेंगाळून जमवलेली क्रेडिट्स बहुधा फुकट जातात. चौथा, क्रेडिट 'मान्य' होणे आणि ते मुख्य विषयासाठी 'उपयोगी' पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा पेपर केवळ ऐच्छिक म्हणून नोंदला गेला, तर एकूण संख्या वाढते, पण मुख्य विषयाची अट तशीच राहते.

काही राज्यांत याबाबत आधीच करार झालेले आहेत. इलिनॉयमध्ये राज्यव्यापी 'आर्टिक्युलेशन इनिशिएटिव्ह' आहे. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने ट्रान्स्फरसाठीची खास सहयोगी पदवी सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनात कम्युनिटी कॉलेजे आणि खाजगी कॉलेजे यांच्यात स्वतंत्र करार आहे. विद्यार्थ्याच्या कॉलेजचा अशा करारात समावेश आहे का, हे पहिल्याच सत्रात पाहावे. शेवटच्या सत्रात पाहून उपयोग नसतो. करार नसेल, तर प्रवेश स्वीकारण्यापूर्वी कोणता पेपर कशासाठी धरला, याचे लेखी मूल्यमापन मागावे. तोंडी आश्वासनावर अनामत रक्कम भरू नये.

मुख्य विषय निवडण्याची वेळही येथे येते. लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाअखेर मुख्य विषय जाहीर करायचा असतो. ट्रान्स्फर विद्यार्थी तेथे पोचतो तेव्हा ही मुदत संपलेलीच असते. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांसारख्या विषयांत पेपर एकापुढे एक साखळीने येतात. मागची कडी राहिली, तर पुढची मिळत नाही. म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कम्युनिटी कॉलेजातच कॅल्क्युलस आणि पायाभूत विज्ञान पूर्ण करावे.

पैशाचा प्रश्न

नामांकित खाजगी कॉलेजांचा वार्षिक खर्च निवास-भोजनासह ऐंशी हजार डॉलरच्या वर गेला आहे. हा आकडा पाहून पालक घाबरतात आणि पान उलटतात. परंतु छापील फी आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. ज्या कॉलेजांकडे मोठा निधी आहे, ती गरजेनुसार भरघोस मदत देतात. केंटकीतील बेरिया कॉलेज तर शिकवणी फीच घेत नाही. त्यामुळे कमी उत्पन्नाच्या घराला राज्य विद्यापीठापेक्षा श्रीमंत खाजगी कॉलेज स्वस्त पडल्याची उदाहरणे आहेत.

तरीही दोन खाचखळगे आहेत. कॉलेजांच्या संकेतस्थळावरील खर्चाचे गणकयंत्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला धरून बनवलेले असते. ट्रान्स्फर विद्यार्थ्याला मिळणारी गुणवत्ता शिष्यवृत्ती त्याहून कमी असू शकते. तसेच 'गरज पूर्ण भागवू' हे वचन ट्रान्स्फर विद्यार्थ्याला आणि परदेशी विद्यार्थ्याला लागू आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागते. अमेरिकी नागरिक व ग्रीनकार्डधारक यांना शासनाचे पेल अनुदान मिळू शकते; २०२४-२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला ते मिळत नाही. म्हणून एकाच घरातील दोन चुलत भावंडांना, एक तिकडे स्थायिक आणि दुसरे येथून गेलेले, एकच सल्ला देता येत नाही.

पुढे दोन प्रश्न विचारावेत. मदत किती सत्रांपर्यंत मिळेल? आणि त्यात कर्ज किती, अनुदान किती? व्याजाच्या कर्जाविषयी अनेक मुस्लिम घरांत संकोच असतो. अशा विद्यार्थ्याने मदतपत्रातील कर्जाची ओळ आधी शोधावी. काही श्रीमंत कॉलेजे आपल्या मदतीत कर्ज धरतच नाहीत. अशांची नावे यादीत वर घ्यावीत.

राहणे, खाणे, इबादत

कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी घरून ये-जा करतो. लिबरल आर्ट्स कॉलेज मात्र बहुधा निवासी असते आणि अनेक ठिकाणी वसतिगृहात राहणे व खानावळीचे पैसे भरणे बंधनकारक असते. घरातून प्रथमच बाहेर पडणाऱ्या मुलीच्या आईवडिलांचे प्रश्न त्यामुळे साधे आणि रास्त असतात. हलाल जेवण मिळते का? नमाजासाठी जागा आहे का? मुलींसाठी स्वतंत्र मजला आहे का? २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन सत्रात येतो. पहाटे सहरीची सोय होते का? हे प्रश्न विचारण्यात कमीपणा काही नाही. महिला कॉलेजे, म्हणजे स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर, वेलस्ली, हा पर्याय अशा पालकांपुढे जरूर ठेवावा.

काही कॉलेजे ख्रिस्ती पंथांनी स्थापन केलेली आहेत. त्यांपैकी कित्येक आज सर्वधर्मीयांसाठी खुली आहेत. क्वेकर परंपरेतील हॅवरफर्ड आणि अर्लहॅम ही त्यांतली. काही ठिकाणी मात्र प्रार्थनासभेला उपस्थिती किंवा श्रद्धेचे निवेदन आवश्यक असते. कॉलेजचे नाव पाहून तर्क करू नये, नियमपुस्तिका वाचावी.

ट्रान्स्फर विद्यार्थी एकटा पडण्याचा धोकाही विचारात घ्यावा. बाकीच्यांची मैत्री पहिल्या वर्षीच जुळलेली असते. ट्रान्स्फर विद्यार्थ्यांसाठी वेगळे परिचयसत्र, वेगळा सल्लागार आणि वसतिगृहात जागेची हमी आहे का, यावरून कॉलेजची खरी वृत्ती कळते.

कॉलेज टिकेल का?

हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी कोणी फारसा विचारत नसे. आता विचारावाच लागतो. व्हर्माँटमधील ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ मध्ये बंद पडले. कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेज २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झाले. १८६८ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क राज्यातील वेल्स कॉलेजने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की हे सत्र संपताच आपण बंद होत आहोत. तरुणांची घटती संख्या, वाढता खर्च आणि फीत द्यावी लागणारी मोठी सूट यांनी लहान कॉलेजे जेरीस आली आहेत. ज्याने एकदा कॉलेज बदलले आहे, त्याच्यावर दुसऱ्यांदा तीच वेळ येऊ नये. मागील पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या सतत घटते आहे का, विभाग बंद होत आहेत का, मान्यता देणाऱ्या संस्थेने ताकीद दिली आहे का, एवढे तरी पाहावे. मोठी शिष्यवृत्ती देऊ करणारे कॉलेज कधी कधी जागा भरण्यासाठी धडपडत असते.

इकडच्या शिक्षकाचे काम

येथून एक वर्ष शिकून गेलेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेचे मूल्यमापन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून करून घ्यावे लागते. त्यासोबत प्रत्येक पेपरचा सविस्तर अभ्यासक्रम लागतो. 'उर्दू पेपर १' एवढ्या नोंदीवरून तिकडच्या प्राध्यापकाला काही कळत नाही. तासिका, वाचलेल्या ग्रंथांची नावे, लेखी काम, मूल्यमापनाची पद्धत हे इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह दिले, तर क्रेडिट मान्य होण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग. तिकडे शंभरपैकी साठ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. हा फरक शिफारसपत्रात एका वाक्यात सांगावा. वर्गात त्या गुणांचे स्थान काय होते, तेही नमूद करावे.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला काही कॉलेजे परकीय भाषेच्या अटीतून सूट देतात. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. तसेच येथील पदवी पूर्ण झालेल्यास अनेक कॉलेजे ट्रान्स्फर म्हणून घेत नाहीत. 'आधी बी.ए. पूर्ण कर, मग जा' हा वडीलधारा सल्ला म्हणूनच प्रत्येक वेळी योग्य ठरत नाही.

निष्कर्ष

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. पदवी देणाऱ्या संस्थेतच किमान निम्मी क्रेडिट्स मिळवण्याची अट तिच्यातही आहे. चार वर्षांच्या पदवीसाठी आपल्याकडे १६० क्रेडिट्स, तर अमेरिकेत साधारण १२०. म्हणजे क्रेडिट हा शब्द एकच असला तरी माप एक नाही. कम्युनिटी कॉलेजातून पदवीकडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यापुढेही उद्या हेच प्रश्न येणार आहेत : कोणता पेपर धरला जाईल, किती सत्रे लागतील, पैसा कुठपर्यंत पुरेल. अमेरिकेच्या शतकभराच्या अनुभवाने दाखवले आहे की हे प्रश्न दुसऱ्या वर्षाअखेर विचारले तर उशीर होतो. पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याची एक साधी फाईल उघडावी, तीत त्याने केलेल्या पेपरांचे अभ्यासक्रम जपून ठेवावेत आणि पुढच्या कॉलेजची अट समोर ठेवून पुढचा पेपर निवडावा. एवढे काम कोणत्याही शिक्षकाला करता येण्याजोगे आहे, आणि त्याने एखाद्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचते.